ललिता ओक नावाची बाई

ललिताबाईंना राग येत नाही, असं वारज्यातल्या त्यांच्या क्लासच्या बायका एकमेकींना सांगत. एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत व्यायाम शिकवला, सहावी-सातवीची वांड पोरं सांभाळली, तरी बाईंचा आवाज कधी चढला नाही म्हणे. आता त्या बायकांना काय ठाऊक! ललिताबाईंना राग येत असे, आणि चांगला भरपूर येत असे. फक्त तो चारचौघांत काढायचा नाही, एवढं त्यांनी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. आपल्यासारख्यांचा राग तेवढा लोकांच्या लक्षात राहतो, त्याचं कारण राहत नाही, हे त्यांनी खडकीच्या चाळीत आणि पुढे शाळेच्या शिक्षकखोलीत पुरेसं पाहिलं होतं.

२००७ सालच्या जानेवारीत तो राग बाहेर आला. आला तोही योगाच्या शिबिरात.

शिबिर सौमित्र सहस्रबुद्धेचं. हा मुलगा अमेरिकेत सात वर्षं संगणकापुढे बसून, पाठीचा मणका सरकवून घेऊन पुण्याला परत आला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तेव्हा कुणीतरी त्याला ललिताबाईंकडे पाठवलं. आठ महिने रोज पहाटे त्यांनी त्याची पाठ इंचाइंचाने सरळ केली. त्याने नोकरी सोडली आणि ‘प्राणयात्रा’ काढली. वारज्याच्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी एक मोठा बंगला भाड्याने घेतला. दहा दिवसांचं शिबिर. सकाळ-संध्याकाळ आसनं-प्राणायाम आणि मधल्या वेळात पुणं दाखवायचं. पर्वती, जुन्या पेठा, कात्रजचं सर्पोद्यान, सिंहगड, मावळातली लेणी. पहिल्याच तुकडीत चौदा जण आले. सहा परदेशी, पाच हिंजवडीतले आयटीवाले, आणि तीन पुण्यातलेच, नुसते हवापालट म्हणून आलेले.

मुख्य शिक्षिका अर्थातच ललिताबाई. “ताई, तुमच्याशिवाय हे होणारच नाही,” असं सौमित्र म्हणाला होता, आणि ते खरंही होतं. माहितीपत्रकासाठी त्यांनी आपली माहिती एका फुलस्केपवर स्वच्छ अक्षरात लिहून दिली होती: ललिता संजय ओव्हाळ, बी. पी. एड., योगाची पदविका, अनुभव इतकी वर्षं. ते इंग्रजीत करायचं काम त्यांच्या मुलीने, दीक्षाने, अंगावर घेतलं. दीक्षा हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिचं इंग्रजी चांगलं, आणि सौमित्रशी ईमेलवर बोलणं तिला सोपं. ललिताबाईंनी पुढे काही पाहिलं नाही. पाहायचं कशाला?

दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. इंग्रिड नावाची एक उंच जर्मन बाई शीर्षासनाचा हट्ट धरून बसली होती. तिची मान कशी आहे हे ललिताबाईंना ती चटईवर बसल्या बसल्या कळलं होतं. “तुमच्या मानेने आजवर खूप सहन केलंय, आता तिच्यावर अख्खं शरीर उभं करू नका,” असं त्यांनी आपल्या शाळेतल्या साध्यासुध्या इंग्रजीत सांगितलं आणि तिला भिंतीला पाय लावून झोपवलं. वर्ग छान झाला. सगळे घामेजून, हसत नाश्त्याला बसले.

ललिताबाईंच्या शेजारी मंदाकिनीबाई येऊन बसल्या. कोथरूडच्या, सत्तरीला टेकलेल्या, निवृत्त शिक्षिका. सून अमेरिकेतून आलेली, तिच्या आग्रहाने दोघी शिबिराला आलेल्या. मंदाकिनीबाईंनी उपम्याची बशी पुढे ओढली आणि म्हणाल्या, “कालपासून विचारीन म्हणतेय. तुम्ही ओक म्हणजे कुठले हो? आमच्या आत्याच्या सासरचे ओक गुहागरकडचे.”

ललिताबाईंना वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही.

“कोण ओक?”

“अहो, तुम्हीच! पत्रकात लिहिलंय की. म्हटलं, बाईंचं वळणच सांगतंय घराणं. आजोबा वेदशास्त्रसंपन्न होते ना तुमचे?”

ललिताबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. समोर सून होती, दोन आयटीतली मुलं होती, सगळे कौतुकाने पाहत होते. त्या काहीतरी बोलणार तेवढ्यात चहा आला, कुणीतरी साखर मागितली आणि बोलणं दुसरीकडे वळलं. ललिताबाई उठल्या. बाहेरच्या टेबलावर पत्रकांचा गठ्ठा होता. कालपासून त्याच्या शेजारून त्या दहा वेळा गेल्या होत्या. त्यांनी त्यातलं एक उचललं आणि जिन्याखाली उभं राहून, एकेका शब्दावर बोट ठेवल्यासारखं वाचलं.

ललिता ओक. पुण्यातल्या एका जुन्या विद्वान घराण्यात जन्म. आजोबा वेदांचे गाढे अभ्यासक. वडिलांकडून बालपणीच, ब्राह्ममुहूर्तावर, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली योगविद्या मिळाली.

शेजारी त्यांचाच फोटो. पाठमोरा, पद्मासनातला.

वडील! ललिताबाईंचे वडील भीमराव खडकीच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. धुराने त्यांना दमा लागला. तेव्हा त्यांच्याच पाळीतल्या बाबुराव नावाच्या एका थकल्या पैलवानाने त्यांना श्वास कसा ओढायचा, किती धरायचा, कसा सोडायचा हे जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याच्या भिंतीला टेकून शिकवलं. छप्पन्न साली भीमराव नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेऊन आले. आठवड्यातून एक दिवस ते मुलीला समोर बसवत आणि म्हणत, “मोज. श्वास मोज. बाकी कुणी काही देवो न देवो, हवा सगळ्यांना सारखी.” ललिताबाईंना योगविद्या मिळाली ती अशी. आणि आजोबा? आजोबा गावकीची कामं करत मेले. वेद त्यांच्या कानावर पडू नयेत याची व्यवस्था गावाने केली होती.

पत्रक हातात घेऊन त्या सौमित्रच्या खोलीत गेल्या. तो संगणकावर काहीतरी पाहत होता.

“सौमित्र, ही बाई कोण?”

“कोण ताई?”

“ही ललिता ओक. मला भेटायचंय तिला.”

सौमित्र हसला. खरोखरच हसला, कारण त्याला आधी त्यात काही वावगं दिसलंच नाही. “अहो ताई, ते उच्चारासाठी. फॉरेनर्सना ओव्हाळ म्हणता येत नाही. ‘ओव्हल’ म्हणतात, क्रिकेटचं मैदान असल्यासारखं. ओक सोपं. झाडाचं नाव आहे, त्यांना आपलं वाटतं.”

“तुझं आडनाव काय रे?”

“माझं?”

“याच पत्रकात मागच्या बाजूला आहे. सहस्रबुद्धे. अख्खं छापलंय. ते म्हणता येतं त्यांना?”

सौमित्रचं हसू जरा ओसरलं.

“आणि वेदांचे अभ्यासक आजोबा? तेही उच्चाराला सोपे म्हणून घातले?”

“ताई, ते लिहिणारा दुसरा होता. एजन्सीचा. मार्केटिंगची भाषा असते हो. लोकांना परंपरा हवी असते. पण तुम्हाला माहितीये, मी जात वगैरे अजिबात मानत नाही.”

“तू मानत नाहीस, मग लपवलीस कुणाची?”

सौमित्र खुर्चीवरून उठला. त्याचे कान लाल झाले होते. “मी लपवायला म्हणून केलं नाही. आणि मी परस्पर नाही केलं. तुमच्या घरी विचारूनच केलं.”

“माझ्या घरी? कुणाला?”

“दीक्षाला. तिनेच सुचवलं ओक.”

ललिताबाईंनी पत्रकाची चार घड्यांची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. “आज सगळ्यांना खरं सांगायचं,” त्या म्हणाल्या. “तू सांगायचं. तुझ्या तोंडाने.”

“सांगतो ताई. पण वर्गात एकदम कसं... उद्या लेण्यांना जातोय ना, तिथे विषय निघेलच. तिथे योग्य वेळ पाहून सांगतो. प्लीज.”

त्या दिवशीचा संध्याकाळचा वर्ग त्यांनी घेतला. का घेतला? इंग्रिडची मान अर्धवट सोडता येत नव्हती म्हणून, आणि तेरा जणांचा श्वास नुकता कुठे लयीला लागत होता म्हणून. वर्गात “खांदे सोडा, जबडा सोडा, कपाळ सोडा” असं त्या सगळ्यांना सांगत होत्या आणि त्यांचे स्वतःचे दात एकमेकांवर घट्ट दाबलेले होते. जबडा घरी जाईपर्यंत ठणकत होता.

दीक्षा साडेसातला कंपनीच्या बसमधून उतरून घरी आली. सत्तावीस वर्षांची, हुशार, आईसारखीच ताठ चालणारी. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, घरात या दोघीच. तिने पर्स ठेवली, आणि आई स्वयंपाकघरात नाही, पुढच्या खोलीतच उभी आहे, हे पाहून थांबली.

“काय झालं?”

ललिताबाईंनी पत्रक तिच्यापुढे धरलं.

दीक्षाने ते हातात घेतलंसुद्धा नाही. “अच्छा. कळलं तर.”

“कळलं तर? एवढंच?”

“आई, एक आडनाव आहे. शिबिराचं पत्रक आहे, रेशनकार्ड नाही.”

“तू सुचवलंस.”

“हो, मी सुचवलं. सौमित्र म्हणाला, ओव्हाळ जरा अवघड जातंय, काय करू या. काय अवघड जातंय ते त्याने सांगितलं नाही, पण मला कळतं ना! मला न कळायला काय झालं? मी म्हटलं ओक लिहा. विषय संपला. तुला काम मिळालं, त्याचं शिबिर भरलं.”

“ओकच कसं सुचलं तुला?”

दीक्षा गप्प झाली. ललिताबाईंनी एकतीस वर्षं मुलं पाहिली होती. कोणतं मूल कुठे गप्प होतं, यावरून त्यांना सगळं कळायचं.

“बोल.”

“ऑफिसात मी ओक आहे,” दीक्षा म्हणाली. “मेलवर ‘दीक्षा ओ.’ येतं. पहिल्याच महिन्यात आमच्या टीम लीडने विचारलं, ओ म्हणजे ओक का? मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. नुसती हसले. झालं. अडीच वर्षं झाली. त्यांच्या घरी मला हळदीकुंकवाला बोलावतात. मी जाते.”

ललिताबाईंना खाली बसावंसं वाटलं, पण त्या बसल्या नाहीत.

“लाज वाटली तुला? माझी? आजोबांची?”

“लाज नाही गं!” दीक्षाचा आवाज एकदम फाटला. “कंटाळा! कंटाळा आला मला. तुला काय माहीत? तुझी पालिकेची पक्की नोकरी, संघटना, वर्गात सगळी आपल्याच वस्त्यांतली पोरं. माझ्या टेबलावर सहा जण जेवतात. गेल्या वर्षी ते आरक्षणाविरुद्धचं आंदोलन चालू होतं, तेव्हा रोज, रोज दुपारी तेच. ‘त्यांना’ सगळं फुकट मिळतं. ‘त्यांना’ कोड लिहिता येत नाही. आणि त्या सहातल्या दोघांचं कोड मी रात्री दुरुस्त करत होते! मी डबा खात होते आणि ऐकत होते. ओव्हाळ म्हणून ऐकण्यापेक्षा ओक म्हणून ऐकणं सोपं पडतं. निदान बोलून झाल्यावर कुणी माझ्याकडे पाहत नाही.”

“तुझं नाव दीक्षा का ठेवलं, माहितीये?”

“माहितीये. आणि लोकांना वाटतं एखाद्या मठातली दीक्षा. तेवढं खपून गेलं.”

ललिताबाईंचा हात उठला. हवेत तसाच थांबला. मुलीच्या अंगावर त्यांनी आयुष्यात हात टाकला नव्हता. आताही टाकला नाही, पण तो खाली आणायला त्यांना चांगलेच कष्ट पडले.

“आणि माझ्या बापाला वेदपाठी केलंस ते? त्यांच्या बापाला? तेही कंटाळा आला म्हणून?”

दीक्षाचा चेहरा बदलला. तिने पत्रक हिसकावून घेतलं, वाचलं. पुन्हा वाचलं. “हे मी नाही दिलं. आई, खरंच. मी फक्त आडनाव... हे त्यांनी परस्पर घातलंय.”

“दार तू उघडलंस. मग आत कोण कोण शिरलं ते मोजत बसू नको.”

त्या रात्री दोघींनी आपापलं ताट वाढून घेतलं आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसून जेवल्या.

सकाळी टेम्पो ट्रॅव्हलर मावळातल्या भाजे लेण्यांना निघाला. मळवलीच्या पुढे रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरं, वर निळा स्वच्छ डोंगर. परदेशी मंडळी खिडक्यांतून फोटो काढत होती. ललिताबाई मागच्या सीटवर एकट्या बसल्या. या डोंगराला त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. भीमरावांनी मळवलीपासून चालवत आणलं होतं. वर पोचल्यावर त्यांनी एका खोलीतल्या दगडी बाकावर मुलीचा हात ठेवला आणि सांगितलं, “इथं भिक्खू झोपायचे. ही आपली जागा आहे. कुणी हाकललं तर म्हणायचं, तुम्ही नंतर आलात.” मग दम्याने त्यांना बोलवेना, म्हणून बाप-लेक तिथेच बसून श्वास मोजत राहिले होते.

दोनशेक पायऱ्या चढून सगळे वर आले. मोठ्या चैत्याच्या कमानीखाली सौमित्रने सगळ्यांना गोल उभं केलं. ललिताबाई त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. ही ती योग्य वेळ, असं त्यांना वाटलं.

“या प्राचीन भारतीय ऋषींच्या ध्यानगुहा,” सौमित्रने इंग्रजीत सुरुवात केली. “हजारो वर्षांपूर्वी आपले योगी इथे साधना करत. आज आपण त्याच जागी, परंपरेतल्याच एका गुरूंबरोबर ओंकार करणार आहोत.” आणि त्याने हात जोडून ललिताबाईंकडे पाहिलं. डोळ्यांत विनवणी होती: आत्ता नको, ताई.

मंदाकिनीबाई सुनेला हळूच म्हणाल्या, “बघ, कुणाच्या घराण्यातली बाई आपल्याला लाभली.”

तिथे मग धरून ठेवलेलं सुटलं.

“एक मिनिट,” ललिताबाई म्हणाल्या. इंग्रजीत म्हणाल्या, शाळेच्या मैदानावरच्या आवाजात, आणि त्या दगडी कमानीने तो आवाज दुप्पट करून परत दिला. “इथे कुणी ऋषी नव्हते. ही बौद्ध लेणी आहेत. समोर आहे तो स्तूप. इथे भिक्खू राहत होते. हे सरकारी फलकावर खाली लिहिलेलं आहे, तुम्ही आत्ताच त्याच्या शेजारून आलात. दुसरं. माझं नाव ललिता ओक नाही. ललिता ओव्हाळ. मी बौद्ध आहे. माझे वडील कारखान्यात भट्टीवर काम करत होते. माझ्या आजोबांना वेद वाचायची नव्हे, ऐकायचीही परवानगी नव्हती. पत्रकात जे छापलंय ते खोटं आहे, आणि ते का छापलं हे सौमित्र तुम्हाला सांगणार आहेत.” मग मराठीत: “सौमित्र, सांगा.”

त्या आजवर त्याला अरे-तुरे करत आल्या होत्या. हे ‘सांगा’ त्याला बरोबर लागलं.

तो घसा साफ करत म्हणाला, “म्हणजे... थोडा प्रिंटिंगचा घोळ झाला. सॉरी. एजन्सीकडून...”

“घोळ?” ललिताबाई पूर्ण मराठीवर आल्या. “ओव्हाळचं ओक होतं तेव्हा शाई सांडत नाही, सौमित्र! माणूस बसून विचार करतो तेव्हा होतं ते! आठ महिने माझे हात तुझ्या पाठीवर होते. तेव्हा विचारलंस का, हे हात कुठल्या घराण्यातले? पाठ सरळ करून घ्यायला ओव्हाळ चालली. विकायला काढली तेव्हा ओक लागली!”

परदेशी मंडळींना शब्द कळत नव्हते, पण कुणी हलत नव्हतं. आयटीतल्या एका मुलाने मोबाईल काढून उगाचच त्यात पाहायला सुरुवात केली.

मंदाकिनीबाई पुढे आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, दुखावलेल्या दिसत होत्या. “अहो ललिताबाई, मला याचं काहीच नाही हो. आमच्याकडे असलं काही नसतं. पण मी परवा... नव्हे, कालच, तुम्हाला तोंडावर विचारलं. तेव्हा सांगायचं होतंत. तुम्ही गप्प बसलात. मला नाही आवडलं ते. मी सगळ्यांना सांगत सुटले.”

म्हणजे खोटं बोलली ती ललिता! फसवलं ते ललिताने, आणि दुखावल्या मंदाकिनीबाई. ललिताबाईंच्या डोक्यात कळ गेली. त्यांना ओरडून सांगायचं होतं की बाई, तुम्ही आत्याच्या सासरच्या गुहागरापर्यंत पोचला होतात, मी मध्ये कुठे बोलणार होते! पण त्याच वेळी दुसरंही एक काहीतरी आत टोचलं. गप्प तर त्या बसल्याच होत्या. साखर आली आणि त्यांनी विषय जाऊ दिला. मुलगी अडीच वर्षं गप्प बसली, आई एक दिवस. काल दीक्षावर उठलेला हात त्यांना आठवला, आणि त्यांचा राग अधिकच वाढला, कारण आता त्यातला थोडा स्वतःवरही होता.

“बरोबर आहे तुमचं,” त्या म्हणाल्या. “कालच सांगायला हवं होतं. चमचा खाली ठेवायच्या आत सांगायला हवं होतं. पण मंदाकिनीबाई, तुमच्याकडे असलं काही नसतं, तर पहिला प्रश्न तोच कसा आला?”

मंदाकिनीबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून स्तूपाकडे पाहत होती.

तेवढ्यात इंग्रिडने हळूच विचारलं, “म्हणजे संध्याकाळचा वर्ग आहे की नाही?”

“माझा नाही,” ललिताबाईंनी सांगितलं. “आणि तुम्ही कुणाचंही ऐकून डोक्यावर उभ्या राहू नका. नव्या शिक्षकाला मान दाखवा आधी.”

मग त्या वळल्या आणि पायऱ्या उतरू लागल्या. सौमित्र चार पायऱ्या मागे आला, “ताई, गाडीने तरी चला, ताई” म्हणत. त्या थांबल्या नाहीत. खाली उतरून, चालत मळवली गाठली. गुडघे त्यांचे विशीतल्या मुलीसारखे होते. रस्त्याने दोनदा त्यांनी श्वास मोजायचा प्रयत्न केला. सहापर्यंत जाऊन मोजणी फिसकटायची. शेवटी त्यांनी तो नाद सोडला आणि सबंध रस्ता रागातच चालल्या.

शिबिर काही थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी डेक्कनवरून एक तरुण शिक्षक आला, त्याने उरलेले दिवस काढले. परदेशी मंडळी सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खाऊन आली. आयटीतल्या पाचांपैकी एक मुलगी पुढच्या आठवड्यात वारज्याच्या क्लासला येऊन, काही न बोलता मागच्या रांगेत चटई टाकून बसली. बाकी कुणाचं काही कळलं नाही. मंदाकिनीबाईंचा एकदा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून, “तब्येतीला जपा” म्हणून त्यांनी ठेवला. ज्या शब्दासाठी फोन केला असावा तो शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

‘प्राणयात्रा’च्या वेबसाइटवरून ललिता ओक गायब झाली. तिच्या जागी ललिता ओव्हाळ आली नाही. मात्र पहिल्या पानावरचा पद्मासनातला फोटो तसाच राहिला, खाली नाव नसलेला. दीक्षानेच तो आईला दाखवला. त्या दिवसांत दोघींमध्ये तेवढंच बोलणं झालं. ललिताबाईंनी सौमित्रला फोन लावला.

“माझा फोटो काढ.”

“ताई, तो पाठमोरा आहे. कुणाचा आहे ते ओळखूसुद्धा येत नाही.”

“मला येतो. ती पाठ माझी आहे. उद्या सकाळपर्यंत काढला नाहीस तर क्लासच्या तीस बायका घेऊन तुझ्या सोसायटीच्या फाटकाशी येऊन बसेन, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती पाठ कुणाची ते सांगेन. मला घाई नाही. मी चार तास मांडी न मोडता बसू शकते, तुला माहितीये.”

फोटो संध्याकाळीच निघाला.

दीक्षाचं मात्र काही निघत नव्हतं. ती लवकर जायची, उशिरा यायची, आईच्या समोरून जाताना ओढणी सावरायची. ललिताबाईंनाही पहिला शब्द टाकायचा नव्हता. असे तीन आठवडे गेले. मग एका बुधवारी दीक्षा साडेपाचलाच घरी आली. दार आपटलं, चपला दोन दिशांना भिरकावल्या आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन ओट्याला पाठ लावून उभी राहिली.

“सांगितलं मी,” ती म्हणाली.

ललिताबाईंनी गॅस बारीक केला.

“आज पुन्हा तेच चालू झालं जेवताना. कुणाचं तरी प्रमोशन झालं, तर म्हणे ‘कोट्यातला’ असेल. मी म्हटलं, मी ओक नाही, ओव्हाळ आहे, मी बौद्ध आहे, आणि गेल्या रिलीजला तुम्हा दोघांचं कोड मी लिहिलंय. एवढंच म्हटलं. आवाज चढवला नाही.”

“मग?”

“मग काही नाही! काही म्हणजे काही नाही! एक जण म्हणाला, ‘अरे, आम्हाला चालतं.’ चालतं म्हणे! टीम लीड म्हणाली, ‘सांगितलं का नाहीस आधी, आम्ही काय खाल्लं असतं का तुला?’ दुपारी चहाला गेले, तर पाच जण आधीच जाऊन आलेले. अडीच वर्षांत पहिल्यांदा मला कुणी हाक मारली नाही. आई, मला इतका राग आलाय, इतका... आणि तू आता मला श्वास मोजायला सांगू नकोस हां.”

“नाही सांगत,” ललिताबाई म्हणाल्या. “माझाही सहाच्या पुढे जात नाहीये.”

ललिताबाईंनी पाण्याचा तांब्या दीक्षाच्या हातात दिला आणि तिथेच तिच्या शेजारी, ओट्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या. मग मात्र त्या बोलायला लागल्या. भाज्याच्या पायऱ्यांवर काय झालं ते सगळं. मंदाकिनीबाई काय म्हणाल्या, आपण नाश्त्याला कशा गप्प बसलो, तेही. शिक्षकखोलीतलं, एकतीस वर्षांतलं, कधीच कुणाला न सांगितलेलं. कुणी कोणता कप वेगळा ठेवला होता आणि कुणी वेगळा ठेवत नाही असं दाखवत होतं. मधूनमधून दीक्षा “नालायक!” म्हणायची आणि ललिताबाई तिला टोकायच्या नाहीत. आमटी करपली. दोघींनी तिच्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला.

“उद्या जाणार आहेस?” ललिताबाईंनी विचारलं.

“जाणार म्हणजे? त्याच टेबलावर बसणार. माझी खुर्ची आहे ती.”

“डब्यात काय देऊ?”

दीक्षाने तोंड पुसलं.

“सुकट दे,” ती म्हणाली. “लसूण जास्त घाल.”